तयार पाइप की मिस्त्रीच्या हातचा?

अकोला जिल्ह्यातल्या तेल्हारा तालुक्यात पाणी दोन तऱ्हेचं आहे. उत्तरेला सातपुड्याच्या पायथ्याशी, वान नदीच्या अंगाला ते गोडं. म्हणून तिकडे संत्री, केळी, पानपिंपरी. दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात बोअर मारली की पाणी लागतं, पण ते पिता येत नाही आणि पिकालाही सोसत नाही. वानच्या धरणातलं पाणी पाइपलाइनने गावोगाव न्यावं लागलं ते यामुळेच. आता एवढ्या लांबून आलेलं गोडं पाणी गाडी धुवायला कोण वापरणार? जीप, पिकअप, ट्रॅक्टर यांच्या वाट्याला बोअरचंच पाणी येतं. वरून गाडी चकचकीत होते. खाली चेसिसच्या बेचक्यांत काळ्या मातीचे लपके बसलेले असतात, आणि ही माती एकदा भिजली की लवकर सुकत नाही. त्या ओल्या, खारट लपक्यामागून ब्रेकचा पाइप मागच्या चाकाकडे गेलेला असतो.

लोखंड ओलाव्याने गंजतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पाण्यातल्या क्लोराइडमुळे गंजाचा वेग वाढतो आणि गंज सगळीकडे सारखा न पसरता एकेका ठिकाणी खड्डा पाडत आत शिरतो, हे तितकंसं ठाऊक नसतं. उत्तर युरोपात हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, तिथल्या मोटारींचं हेच दुखणं आहे. वऱ्हाडात बर्फ नाही, पण मीठ आहे.

मग एक दिवस मागच्या चाकाजवळ ब्रेक ऑइलचा ओघळ दिसतो. गाडी गॅरेजला जाते आणि तिथलं बोलणं साधारण असं होतं:

“मिस्त्री, पाइप बदलावाच लागते का?”

“बदलावा तं लागतेच भाऊ. कंपनीचा आनता, का इथंच बनवून देऊ?”

“कंपनीचा कधी भेटन?”

“अकोल्याले असन तं उद्या. नसन तं काही सांगता येत नाही.”

गाडी दहा वर्षांच्या आतली असेल तर कंपनीचा पाइप बहुतेक वेळा मिळतो. तो आधीच वाकवलेला, दोन्ही टोकांना नट बसवलेला, लेप दिलेला असतो. जुना काढायचा आणि हा लावायचा. गाडी जुनी महिंद्रा जीप असेल, ट्रॅक्स असेल, किंवा कुणी हौसेने जपलेली पद्मिनी असेल, तर प्रश्न खरा उभा राहतो. या प्रश्नात गिऱ्हाईक पाइपाच्या वळणांकडे पाहत बसतं. मला वाटतं, त्याने पाइपाच्या तोंडाकडे पाहावं.

त्याआधी या नळीवर किती भार येतो ते पाहू. ड्रायव्हरने घाईत ब्रेक दाबला तर पायाचा जोर ४० किलो सहज भरतो. पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट झाला असं धरू, म्हणजे २०० किलो. हा जोर मास्टर सिलिंडरच्या १९ मिलिमीटर व्यासाच्या दट्ट्यावर पडतो. त्याचं क्षेत्रफळ २.८ चौरस सेंटिमीटर, म्हणजे तेलावरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ७० किलोच्या आसपास. बूस्टर असेल तर १०० च्याही वर. मोटारीच्या टायरात दोन-सव्वादोन किलो हवा असते, हे लक्षात घेतलं की आकड्याचा अंदाज येतो.

हा दाब पेलणारी नळी मात्र बोटाएवढीही जाड नसते. बाहेरून पावणेपाच मिलिमीटर, म्हणजे ३/१६ इंच, आणि भिंत जेमतेम ०.७ मिलिमीटर. तरी नवी नळी फुटत नाही. साध्या पोलादाच्या ताकदीने हिशेब केला तर एवढ्या बारीक नळीने हजार किलोच्या वरचा दाब सोसायला हवा. नळी बारीक असणं इथे कामी येतं, कारण व्यास जितका लहान तितका भिंतीवरचा ताण कमी. ही नळी बनवण्याची रीतही पाहण्यासारखी आहे. पातळ पोलादी पट्टी दोन वेढे देऊन गुंडाळतात आणि भट्टीत तांबं वितळवून ते वेढे एकमेकांना सांधतात, त्यामुळे सबंध लांबीत एकच शिवण आरपार जात नाही. १९२० च्या दशकात डेट्रॉइटच्या बंडी कंपनीने ही युक्ती रूढ केली आणि आजही पुष्कळ ठिकाणी अशा नळीला ‘बंडी ट्यूब’च म्हणतात. द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक चारही चाकांना लावलेली ड्यूसेनबर्ग मोटार अमेरिकेत आली ती त्याच दशकाच्या तोंडावर, १९२१ मध्ये. माल्कम लॉकहीडची ही कल्पना. त्याआधी सळ्या आणि तारांवर काम चालायचं.

तेव्हा नव्या नळीला दाबाचं भय नाही. ती मरते ती गंजाने, कंपाने किंवा टोकाशी. गंजाने भिंत खाल्ली की आधी नुसती झिरप सुरू होते. पाइप फाटतो तो मात्र नेमका ज्या क्षणी पाय पूर्ण जोराने पडतो तेव्हा, कारण दाब सर्वांत जास्त तेव्हाच असतो. रोजच्या हलक्या ब्रेकला साथ देणारा पाइप बैल आडवा आल्यावर दगा देतो, त्याचं कारण हे. विलीज घराण्याच्या जुन्या जीपला एकच सर्किट असे, म्हणजे चारही चाकांचं तेल मास्टर सिलिंडरच्या एकाच कप्प्यातून. एक पाइप गेला की चारही चाकं गेली. पुढे दोन कप्प्यांचे सिलिंडर आले आणि निदान दोन चाकांचा ब्रेक शाबूत राहू लागला. एसटीच्या बसची गोष्ट निराळी, तिला हवेचे ब्रेक. हवा थोडी गळली तरी कॉम्प्रेसर भरत राहतो. गळून गेलेलं तेल आपणहून परत येत नाही.

आता तयार पाइपाच्या बाजूने बोलू. कारखान्यात वाकवलेल्या पाइपाची वळणं शोभेची नसतात. सायलेन्सरपासून लांब, पाट्यांच्या स्प्रिंगला घासणार नाही, एक्सल वर उचलला तरी चेमटणार नाही, अशी वाट काढून ती आखलेली असतात. वाटेत उलट्या वाटीसारखा चढ नसतो, कारण असा चढ असला की तिथे हवेचा बुडबुडा अडकतो, कितीही वेळा पेडल मारून हवा काढली तरी निघत नाही, आणि ब्रेक स्पंज मारत राहतो. मास्टर सिलिंडरजवळ कधी कधी पाइपाचे एक-दोन वेढे दिलेले दिसतात. ते जास्तीची लांबी लपवायला नसून कंप सोसायला असतात. गिऱ्हाइकाच्या आग्रहाने हे वेढे काढून ‘सरळ, छान’ पाइप टाकणारे मिस्त्री आहेत. त्यांना असं करू देऊ नये.

पण तयार पाइप बसतो तो गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली असेल तरच. आपल्याकडच्या जीप तशा राहत नाहीत. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली, त्यानंतर या एका घराण्यात आखूड, लांब, पेट्रोलची, डिझेलची अशी कितीतरी भावंडं जन्मली. त्यात गावच्या कारागिरांनी भर घातली. कुणी मागे बाक वाढवून काळीपिवळी केली, कुणी इंजिन बदललं, कुणी दुसऱ्या गाडीचा एक्सल घातला, कुणी नंतर बूस्टर जोडला. एमएच ३० च्या पाटीखाली नेमकी कोणती जीप आहे, हे कागदापेक्षा खाली वाकून पाहिल्यावर जास्त कळतं. अशा गाडीला तयार पाइप ओढूनताणून बसवला तर नट तिरका लागतो, वळण जागेवरच पुन्हा उकलावं लागतं, आणि एकदा वाकलेली पोलादी नळी उकलून परत वाकवली की तिथे ती चेपते किंवा तिला चीर जाते. शिवाय सहा-सात फुटांचा पाइप पार्सलने मागवला तर तो पुष्कळदा मधोमध दुमडून येतो. तो हाताने सरळ करायचा म्हणजे तयार वळणाचे पैसे देऊन हातचं वळण घेणं झालं.

इथे एक गैरसमज आड येतो. उजव्या चाकाचा पाइप डाव्यापेक्षा लांब झाला तर गाडी एका बाजूला ओढेल, असं पुष्कळ जण मानतात आणि म्हणून हातच्या पाइपाला भितात. ते खरं नाही. दाबाची लाट ब्रेक ऑइलमधून सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने धावते. पाइप दोन मीटरने लांब असला तरी फरक पडतो तो सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या एक-दोन पटींचा. दाब शेवटी दोन्हीकडे सारखाच होतो, हे पास्कलने साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. गाडी ओढत असेल तर चाकात पाहावं. तिथे तेलाने भिजलेला लायनर सापडेल, नाहीतर अडकलेला सिलिंडर.

म्हणजे ब्रेकच्या पाइपाचं वळण हे हुशार हाताचं काम आहे आणि गावात ते होऊ शकतं. जुना पाइप मोडका असला तरी तो टाकून न देता नमुना म्हणून समोर ठेवतात. तोही नसेल तर बांधकामाची जाड तार गाडीखाली धरून पाइपाची वाट त्या तारेवर उतरवतात. मग वाकवायच्या यंत्रावर किंवा निदान स्प्रिंगच्या आधाराने वळणं देतात, गुडघ्यावर धरून नव्हे. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या तिपटीहून कमी झाली की नळी चपटी होऊ लागते.

खरी परीक्षा तोंडाची. नळीचं टोक फुलवून शंकूसारखं करायचं आणि नटाने ते बसकीवर दाबायचं. तेल अडतं ते त्या शंकूच्या कडेवर. इथे एकपदरी फुलोरा चालत नाही. शिंपी जसा कापडाची कड आत दुमडून शिवतो, तशी नळीची कड आत दुमडून दोनपदरी करावी लागते, नाहीतर पातळ कड ताणाने चिरते. जुन्या अमेरिकी वळणाच्या गाड्यांत असा ४५ अंशांचा दोनपदरी फुलोरा असतो. युरोपी वळणाच्या अनेक गाड्यांत त्याऐवजी बाहेरून बुडबुड्यासारखा फुगवटा असतो. दोन्हींच्या बसक्या वेगळ्या. एकाचं तोंड दुसऱ्याच्या बसकीत घट्ट आवळलं की सुरुवातीला गळत नाही, आणि हाच धोका आहे.

तसाच दुसरा सापळा आट्यांचा. जुन्या जीपच्या ब्रेक पाइपाला ३/८ इंची नट असतो, त्याचा व्यास साडेनऊ मिलिमीटर आणि दर इंचाला २४ आटे. नव्या गाड्यांत दहा मिलिमीटरचा नट, आट्यांचं अंतर एक मिलिमीटर. इंची आट्याचं अंतर निघतं १.०६ मिलिमीटर. फरक इतका बारीक की इंची नट दहाच्या भोकात शिरतो, फिरतो, आवळल्यासारखाही वाटतो. प्रत्यक्षात तो आट्यांच्या नुसत्या टोकांवर टांगलेला असतो. ज्या जीपला अर्धे भाग जुने आणि अर्धे नवे आहेत, तिला पाइप बनवताना प्रत्येक भोक स्वतंत्र तपासावं लागतं. तयार पाइप घेणाराही यातून सुटत नाही.

गावात सर्वांत मोठा मोह तांब्याचा. फ्रिज-एसीच्या दुकानात तांब्याची नळी वेटोळ्याने मिळते, हाताने वाकते, गंजत नाही आणि त्याच दुकानात तोंड फुलवायचं यंत्रही असतं. पण ते यंत्र एकपदरी फुलोरा करतं. आणि तांबं मऊ असलं तरी कंप सोसता सोसता कडक होत जातं, मग नटाच्या मागे गोल चीर पडते. दाबाने फुटणार नाही, थकून तुटेल. खारपाणपट्ट्यात गंजाची भीती खरी आहे, तिच्यावर तांब्यात साधारण दहा टक्के निकेल मिसळलेल्या नळीचा उपाय आहे. १९७० च्या दशकात व्होल्वोने हिवाळी मिठावर उतारा म्हणून हीच नळी गाड्यांना लावायला घेतली. ती वाकते तांब्यासारखी, थकत नाही पोलादासारखी, आणि फुलवताना चिरत नाही. महाग आहे आणि तालुक्याच्या गावी शोधावी लागते. माझं मत विचाराल तर पूर्णाकाठच्या जुन्या गाडीला अशी नळी आणून मिस्त्रीकडून बनवून घेतलेला पाइप हा कारखान्याच्या साध्या पोलादी पाइपापेक्षा सरस. अट एकच, तोंड नीट यंत्रावर फुलवलेलं हवं. ते यंत्र ज्याच्याकडे नाही, त्या मिस्त्रीने तोंड फुलवलेली सरळ नळी अकोल्याहून आणावी आणि वळणं तेवढी स्वतः द्यावीत. हा मधला मार्ग फारसा कुणी सांगत नाही, पण अनेकदा तोच शहाणपणाचा असतो. मधल्या गंजलेल्या तुकड्याच्या जागी रबरी होज घालून दोन क्लिपा आवळणं मात्र कोणत्याही परिस्थितीत नको. डिझेलच्या पाइपाला जे चालतं ते ब्रेकला चालत नाही.

डिझेलच्या पाइपांत दोन जाती आहेत आणि त्या एकमेकींपासून पार वेगळ्या. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा पाइप दाबाखाली नसतो, उलट ओढीखाली असतो. तिथे बारीक भोक पडलं तर डिझेल गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. जमिनीवर थेंब नाही आणि इंजिन मात्र हवा धरून बंद पडतं. ऐन पेरणीत ट्रॅक्टरची हवा काढून थकलेल्या माणसाने पंपाकडे बोट दाखवण्याआधी हा पाइप पाहावा. तो गावात बनवायला हरकत नाही. तांबं आणि जस्त मात्र इथेही टाळावं, कारण डिझेल त्यांच्या संगतीत लवकर खराब होऊन चिकट होतं. पेट्रोलच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट आली आहे. पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या त्याने फुगतात, मऊ पडतात. त्यामुळे जुन्या पद्मिनीला नवी होज घेताना ती इथेनॉल सोसणारी आहे का, हे विचारणं भाग आहे. नळीची वाटही जपावी लागते. अकोल्याच्या मे महिन्यात, पारा ४५ च्या वर गेला असताना, पेट्रोलची नळी इंजिनाच्या तापलेल्या भागाजवळून गेली की आत वाफ होते आणि गाडी भर रस्त्यात थांबते. पंपावर ओलं फडकं टाकून बसलेले ड्रायव्हर जुन्या पिढीने पुष्कळ पाहिले आहेत.

दुसरी जात पंपापासून नोझलपर्यंतच्या पाइपाची. ही नळी जाड पोलादाची, बाहेरून सहा मिलिमीटर आणि आत भोक दोन मिलिमीटरच्या आसपास. जुन्या ट्रॅक्टरचं नोझल उघडतंच मुळी दोनशे किलोच्या दाबाला. नाशिकच्या कारखान्यात मायकोचे, म्हणजे आजच्या बॉशचे, नोझल बनतात. त्यांचं काम हजारांश मिलिमीटरच्या मापांवर चालतं. अशा नोझलमागे गावात कापलेल्या नळीचा एखादा कीस गेला तर नोझल तिथेच संपलं.

आणि या पाइपांना लांबीचं बंधन खरंच असतं. ब्रेकच्या बाबतीत जो गैरसमज होता, तो इथे सत्य आहे. इंजिनाकडे नीट पाहिलं तर पंपाला सर्वांत जवळच्या सिलिंडरचा पाइपही लांबचा फेरा घेऊन आलेला दिसतो, कारण सगळे पाइप सारख्या लांबीचे ठेवायचे असतात. डिझेलमधून दाबाची लाट सेकंदाला साधारण १४०० मीटर जाते. एक पाइप १४ सेंटिमीटरने आखूड झाला तर त्या सिलिंडरला डिझेल सेकंदाचा दहा-हजारावा भाग आधी पोहोचतं. अठराशे फेऱ्यांवर चालणारं इंजिन तेवढ्यात सुमारे एक अंश फिरतं. ब्रेकमध्ये दाब शेवटी सारखा झाला की पुरे, इथे तो वेळेवर यावा लागतो. एकाच सिलिंडरची वेळ हलली की इंजिन सगळ्या सिलिंडरांवर सारखं चालत नाही. भोकाचा व्यास बदलला तरी हाच प्रकार. म्हणून हा पाइप तयारच घ्यावा, त्याच इंजिनाच्या त्याच क्रमांकाच्या सिलिंडरचा. फुटलेल्याला वेल्डिंगचा टाका मारून दोन महिने काढल्याच्या गोष्टी ऐकू येतात. तो टाका आत उतरून भोक अरुंद करतो, हे त्या गोष्टींत नसतं. आणि गळती कुठे आहे ते बोट लावून कधीच पाहू नये. त्या दाबाने निघालेली केसाएवढी धार कातडीतून आत शिरते, वरून सुईच्या टोचण्याएवढी खूण दिसते आणि आत डिझेल पसरत जातं. अशा माणसाला पट्टी बांधून घरी पाठवायचं नसतं, लगेच शस्त्रक्रियेच्या सोयीच्या दवाखान्यात न्यायचं असतं. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा पुरतो.

१ जानेवारी २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यात कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलांना एकाच सामायिक नळीतून दाबाचं डिझेल देणारी रचना, येऊ लागली. तिच्या पाइपात हजार किलोच्या वरचा दाब असतो. अनेक कंपन्या सांगतात की यातला पाइप एकदा सोडला की तो परत लावायचा नाही, नवाच घालायचा. कारण पहिल्यांदा आवळताना त्याचं तोंड बसकीवर जे रूप घेतं ते दुसऱ्यांदा तसंच जुळत नाही. इंजेक्टर काढून पाहायचा झाला तरी मिस्त्रीला आधी दुकानातून पाइप आणून ठेवावा लागतो.